फँटसीत नव्यानं शिरताना: आठ ते अठरा वयाच्या वाचकांसाठी पहिलं पुस्तक कसं निवडायचं

'फँटसी वाचायला सुरुवात करायची आहे, काय वाचू?' असं कुणी विचारलं की उत्तर देणारा बहुधा स्वतःचं सर्वांत लाडकं पुस्तक पुढे करतो. पुष्कळदा ते 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' असतं. दहा-अकरा वर्षांचं मूल हौसेनं ते उघडतं, सुरुवातीच्या पानांतच हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या तंबाखूचा इतिहास वाचतं आणि पुस्तक मिटून ठरवून टाकतं की हा प्रकार आपल्याला झेपणारा नाही. पुस्तक थोर आहे, मूलही हुशार आहे. फक्त गाठ चुकीच्या वेळी पडली.

आपलं लाडकं पुस्तक आणि दुसऱ्याचं पहिलं पुस्तक यांत पुष्कळ अंतर असतं. हा लेख त्या पहिल्या पुस्तकाविषयी आहे. तुम्ही आई-बाबा असा, मावशी-काका असा, शिक्षक असा, नाहीतर स्वतःच चौदा वर्षांचे असा, पायऱ्या त्याच. चाळिशीत पहिल्यांदा फँटसी हातात घेणाऱ्यालाही मी याच पुस्तकांपासून सुरुवात करायला सांगेन. मोठ्यांसाठी लिहिलेल्या जाडजूड मालिकांपेक्षा इथे गोष्ट लवकर सुरू होते.

पाट्यांवर फार विसंबू नका

इंग्रजी पुस्तकांवर 'मिडल ग्रेड' आणि 'यंग अ‍ॅडल्ट' अशा दोन पाट्या दिसतील. पहिली ढोबळमानाने ८ ते १२ वयासाठी, दुसरी साधारण १२-१३ पासून १८ पर्यंत. मिडल ग्रेडचा नायक दहा-बारा वर्षांचा असतो, त्याची चिंता घर, मैत्री, शाळा आणि आपण शूर आहोत की नाही ही असते. यंग अ‍ॅडल्टमध्ये नायक सोळा-सतरा वर्षांचा होतो आणि प्रेम, सत्ता, सूड, आपण नक्की कोण हे प्रश्न पुढे येतात.

एवढं कळलं की पाट्यांचं काम संपलं. कारण त्या प्रकाशकांच्या सोयीच्या आहेत. उर्सुला ल ग्विन यांनी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' लिहिली ती प्रकाशकाने थोड्या मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितलं म्हणून. ती १९६८ मध्ये आली, आणि आज तिचे निम्मे चाहते तरी पिकल्या केसांचे असतील. उलट बाजूने, फिलिप पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स'ची लायरा अकरा-बारा वर्षांची आहे, म्हणजे पाटीप्रमाणे पुस्तक लहानांचं. पण त्या त्रयीचा शेवटचा भाग 'द अँबर स्पायग्लास' देव, मृत्यू आणि वयात येणं या तिन्हींना एकदम हात घालतो. तो २००० मध्ये आला आणि त्याला मिळालेला व्हिटब्रेड या ब्रिटिश पुरस्काराचा वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा मान त्याआधी कुठल्याही बालपुस्तकाला मिळाला नव्हता.

पहिली पायरी: वाचक सध्या काय संपवतो ते बघा

'तुला काय आवडतं?' हा प्रश्न विचारू नका, त्याला मुलं मोठ्यांना आवडेल असं उत्तर देतात. त्यापेक्षा, गेल्या काही महिन्यांत हातातून न सोडता काय संपवलंस, असं विचारा. उत्तर विनोदी चित्रकथा असेल, भुताच्या गोष्टी असतील, प्राण्यांची माहिती असेल, क्रिकेटपटूचं चरित्रही असेल. सगळ्यांतून वाट निघते. हसायला आवडतं त्याला रिक रायर्डन किंवा टेरी प्रॅचेट. प्राणी आवडतात त्याला टुई सदरलँडची 'विंग्ज ऑफ फायर' मालिका. तिच्यात नायकच ड्रॅगन आहेत आणि माणसं म्हणजे किरकोळ खाद्य. कोडी आणि चोरीच्या योजना आवडतात अशा पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला ली बार्डुगो.

आणखी एक गोष्ट हळूच काढून घ्या: भीती किती सोसते? वयाचा आणि भीतीचा काही संबंध नसतो. नऊ वर्षांचं मूल राक्षस चवीनं वाचतं आणि तेरा वर्षांचं मूल पुस्तकातली आई मेली की रात्रभर झोपत नाही.

दुसरी पायरी: आत शिरायची वाट निवडा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. फँटसीच्या पहिल्या पुस्तकाचं यश बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं. जादूच्या जगाविषयी वाचकाला जेवढं माहीत आहे, तेवढंच नायकाला माहीत आहे का? दोघंही सारखेच अडाणी असले की माहितीचं ओझं वाटत नाही. नायक विचारतो, कुणीतरी सांगतं, वाचक ऐकतो.

या दृष्टीनं चार वाटा दिसतात.

सर्वांत सोपी वाट म्हणजे रोजच्या घरात एखादीच अद्भुत गोष्ट येते. बाकी सगळं ओळखीचं. एडिथ नेस्बिट यांच्या १९०२ सालच्या 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट'मध्ये भावंडांना वाळूच्या खाणीत एक तिरसट प्राणी सापडतो. तो रोज एक इच्छा पुरी करतो, पण सूर्य मावळला की सगळं पूर्ववत. मुलं सौंदर्य मागतात, सोनं मागतात, पंख मागतात आणि दर वेळी तोंडावर आपटतात. नॅटली बॅबिट यांची 'टक एव्हरलास्टिंग' १९७५ ची. जंगलातल्या एका झऱ्याचं पाणी प्यायलेलं कुटुंब मरतच नाही आणि दहा वर्षांच्या विनीला हे गुपित कळतं. आता पाणी प्यायचं की नाही? पुस्तक दोन-तीन बैठकांत संपतं, प्रश्न मात्र संपत नाही. डेव्हिड आमंड यांची 'स्केलिग' याच जातीची: पडक्या गॅरेजमध्ये मायकलला कुणीतरी सापडतं, तो भिकारी आहे, पक्षी आहे की देवदूत, हे शेवटपर्यंत नीट कळत नाही. ज्यांना 'जादूबिदू आवडत नाही' त्यांना मी ही शेवटची दोन पुस्तकं देते आणि फँटसी हा शब्द तोंडातून काढत नाही.

दुसरी वाट म्हणजे आपल्याच जगात दडलेलं जादूचं जग. हॅरी पॉटर इथला सर्वांत प्रसिद्ध रहिवासी. त्याच्याविषयी वेगळं सांगायला नको. पण तो सोडूनही इथे भरपूर आहे. रायर्डन यांचा पर्सी जॅक्सन मूळचा झोपतानाची गोष्ट म्हणून जन्मला. लेखकाच्या मुलाला वाचनदोष आणि चंचलतेचा त्रास होता, म्हणून नायकालाही तोच दिला आणि वर कारण असं जोडलं की पर्सीचा मेंदू मुळात प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेला आहे! 'द लाइटनिंग थीफ' २००५ मध्ये आलं, मूळ मालिका पाच भागांची. ग्रीक पुराण माहीत असण्याची गरज नाही, पुस्तकच शिकवतं, तेही टवाळी करत करत.

मराठी वाचकासाठी मात्र या वाटेवर एक खास सोय आहे. रोशनी चोक्शी यांची 'अरू शाह अँड द एंड ऑफ टाइम', २०१८. बारा वर्षांची अरू शाळेतल्या मुलांना थापा मारते, पकडली जाते आणि खरं दाखवण्याच्या नादात आईच्या संग्रहालयातला शापित दिवा पेटवते. झोपलेला असुर जागा होतो, सगळे जागच्या जागी गोठतात आणि अरूला कळतं की तिच्यात अर्जुनाचा आत्मा आहे. तिच्या बाजूला उभी राहते ती कायम मरणाची धास्ती घेतलेली मिनी, आणि तिच्यात युधिष्ठिर. इथे परदेशी वाचकाला जे समजून घ्यावं लागतं ते आपल्याकडच्या मुलाला आधीच पाठ असतं, त्यामुळे विनोद थेट पोचतात. इंग्रजी थोडं कच्चं असलेल्या मुलासाठी हा फार मोठा आधार आहे. महाभारताशी अशी थट्टा घरात चालेल का, हे मात्र तुमचं तुम्ही बघा. मला ती प्रेमळ वाटली.

न्नेडी ओकोराफोर यांची 'अकाटा विच' याच वाटेवर, पण नायजेरियात. बारा वर्षांच्या सनीला कळतं की ती 'लेपर्ड' लोकांपैकी आहे, म्हणजे जादू येणाऱ्यांपैकी. या लोकांत श्रीमंत व्हायचा एकच मार्ग: काही नवं शिकलं की आकाशातून धातूच्या कांड्या पडतात, त्याच त्यांचा पैसा. ज्ञानाचा थेट पगार. ही एक कल्पना ऐकूनच मुलं पुस्तक मागतात.

तिसरी वाट म्हणजे इथून तिथे नेणारं दार. सी. एस. लुईस यांचं कपाट आणि त्यापलीकडची नार्निया. मिखाएल एंडे यांची मूळ जर्मन 'द नेव्हरएंडिंग स्टोरी', १९७९. हिच्यात बास्टियन नावाचा एकटा मुलगा पुस्तक वाचता वाचता त्याच पुस्तकात ओढला जातो. मूळ आवृत्ती दोन रंगांच्या शाईत छापलेली होती, खऱ्या जगाला एक आणि कल्पनेच्या जगाला दुसरा. सव्वीस प्रकरणं, प्रत्येकाचं पहिलं अक्षर वर्णमालेच्या क्रमानं. दोन रंगांची प्रत मिळाली तर तीच घ्या. या पुस्तकाचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा बराच गडद आहे, हेही आधी सांगून ठेवते.

चौथी वाट संपूर्ण वेगळ्या जगाची. आपली पृथ्वी नाहीच. ही सगळ्यांत अवघड, आणि फँटसीवेडे नवख्याला नेमकं इथेच आणून सोडतात. तरी एक अपवाद आहे: 'द हॉबिट'. टॉल्किन यांचं हे पुस्तक १९३७ चं, आणि त्याची युक्ती साधी आहे. बिल्बो बॅगिन्स त्या जगात राहत असला तरी घराबाहेर न पडणारा, वेळेवर खाणारा, साहसाला नाकं मुरडणारा गृहस्थ आहे. ड्रॅगन, ट्रोल, कोळी यांच्याविषयी त्यालाही आपल्याइतकंच माहीत. त्यामुळे वाट चौथी असली तरी चाल दुसऱ्या वाटेची.

तिसरी पायरी: जादूची किंमत तपासा

पुस्तक बरं आहे की नुसतंच चकचकीत, हे ओळखायची माझी कसोटी एकच: जादू वापरल्यावर काय गमवावं लागतं? काहीच नाही, असं उत्तर आलं तर नायक कुठल्याही संकटातून कांडी फिरवून सुटणार आणि पन्नासाव्या पानावर वाचकाला जांभई येणार.

'नेव्हरएंडिंग स्टोरी'त बास्टियनच्या हाती इच्छा पुऱ्या करणारं पदक येतं. प्रत्येक इच्छेबरोबर त्याची आपल्या जगातली एक आठवण पुसली जाते. आधी लक्षात येत नाही, कारण जे आठवत नाही त्याची उणीव कशी भासणार? अर्थसीमध्ये जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव जाणणं, आणि प्रत्येक बदलानं जगाचा तोल थोडा हलतो. तरुण गेड फुशारकीपायी मेलेल्याला बोलवायला जातो, त्यातून एक सावली सुटते आणि उरलेलं पुस्तक म्हणजे ती सावली आणि तो. लढाई जवळजवळ नाहीच. तरी शेवटच्या प्रकरणात उघड्या समुद्रावर जे घडतं त्यासारखं दुसरं मी वाचलेलं नाही.

गार्थ निक्स यांच्या 'सॅब्रिएल'मध्ये, १९९५, हा हिशेब अगदी नेमका आहे. अठरा वर्षांच्या सॅब्रिएलला वडिलांकडून सात घंटा मिळतात. प्रत्येकीला नाव आणि स्वभाव आहे. सर्वांत लहान घंटा झोपवते. सर्वांत मोठी वाजवली तर ऐकणारा प्रत्येक जण मृत्यूच्या प्रदेशात फेकला जातो, वाजवणाऱ्यासकट. ती मोठी घंटा कधी वाजणार, या एका प्रश्नावर पानं उलटत राहतात.

दुकानात उभ्या उभ्या ही कसोटी लावायची तर पहिलं प्रकरण वाचू नका, ते सगळेच घासूनपुसून लिहितात. मधलं एखादं वाचा. पात्र अडचणीत आहे आणि डोकं चालवतंय असं दिसलं तर घ्या. टेरी प्रॅचेट यांच्या 'द वी फ्री मेन'मधली नऊ वर्षांची टिफनी पाण्यातल्या चेटकिणीला हरवते ती मंत्रानं नाही. धाकट्या भावाला आमिष म्हणून काठावर बसवते आणि ती बाहेर आली की तळण्याचा तवा हाणते. असं पुस्तक डोळे मिटून घ्यावं. एक अडचण सांगितली पाहिजे: त्यातली निळी बुटकी माणसं स्कॉटिश वळणाचं इंग्रजी बोलतात, ते पहिली काही पानं डोक्यावरून जातं. मोठ्यानं वाचलं की कळतं.

भाकीतं आणि 'तूच तो निवडलेला' या प्रकाराविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. अपवाद डायना विन जोन्स. 'हाउल्ज मूव्हिंग कॅसल'मध्ये, १९८६, त्या सगळं उलटं करतात. सोफी तीन बहिणींतली थोरली, आणि परीकथांच्या नियमानुसार थोरली अपयशीच होणार, हे तिनं आधीच मान्य केलेलं. मग एक चेटकीण तिला म्हातारी करून टाकते आणि म्हातारपणी तिला अचानक कुणाचीच भीडभाड उरत नाही. हायाओ मियाझाकी यांनी २००४ मध्ये त्यावर चित्रपट केला. तो सुंदर आहे, पण निराळा आहे. आधी पुस्तक वाचा, म्हणजे जादूगार हाउलच्या दाराच्या चौथ्या रंगापलीकडे काय आहे याचा धक्का शाबूत राहील.

चौथी पायरी: जाडी आणि भाषा

'टक एव्हरलास्टिंग' इंग्रजीत सुमारे २८ हजार शब्दांची आहे. हॅरी पॉटरचा पहिला भाग सुमारे ७७ हजार, 'द हॉबिट' सुमारे ९५ हजार. हॅरीचा पाचवा भाग अडीच लाखांच्या वर जातो. म्हणजे पहिला भाग पेलला म्हणून सातही आपोआप पेलतील असं नाही. आठ वर्षांच्या मुलाला पूर्ण संच भेट देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. चौथ्या भागापासून गोष्टही पुष्कळ काळवंडते.

कठीणपणा मोजायची एक प्रचलित रीत आहे: मधलं पान उघडायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं, पाचही दुमडली तर पुस्तक सध्या जड. फँटसीत ही रीत थोडी बदलावी लागते. लेखकानं नव्यानं बनवलेले शब्द, गावांची आणि प्राण्यांची नावं मोजायची नाहीत, ती सगळ्यांनाच नवी असतात. क्रियापदं आणि विशेषणं अडत असतील तरच बोट दुमडा.

इंग्रजी अडत असेल तर अनुवाद घ्या, त्यात कमीपणा काही नाही. हॅरी पॉटर मराठीत आलेला आहे. 'नेव्हरएंडिंग स्टोरी' इंग्रजीत वाचणारेही अनुवादच वाचत असतात. जाड पुस्तकाची धास्ती असलेल्यांसाठी चित्रकादंबऱ्या आहेत: काझू किबुइशी यांची 'अ‍ॅम्युलेट' नऊ भागांत पूर्ण झाली आहे आणि 'विंग्ज ऑफ फायर'ही त्या रूपात मिळते. ऐकण्याची पुस्तकं हीसुद्धा वाचनच समजा.

पाचवी पायरी: मालिकेचा क्रम

इथे नवखे हमखास अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

नार्नियाचे सात भाग १९५० ते १९५६ दरम्यान आले. पहिला 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'. नंतरच्या आवृत्त्यांत प्रकाशकांनी कथेतल्या काळाप्रमाणे क्रमांक दिले, त्यामुळे सहाव्या क्रमांकावर प्रसिद्ध झालेला 'द मॅजिशियन्स नेफ्यू' आज संचात पहिला दिसतो. लुईस यांनी एका मुलाला लिहिलेल्या पत्रात काळाच्या क्रमाला पसंती दिली होती, वर असंही म्हटलं होतं की क्रमानं फारसं बिघडत नाही. मी लेखकाचं ऐकत नाही. बर्फाळ जंगलाच्या मधोमध एक दिव्याचा खांब का उभा आहे, हे कपाटातून पहिल्यांदा तिथे पोचणाऱ्या ल्यूसीबरोबर आपल्यालाही कळता कामा नये. 'मॅजिशियन्स नेफ्यू' आधी वाचलं की ते गुपित फुटतं. कपाटापासूनच सुरुवात करा.

सुझन कूपर यांच्या पाच भागांच्या मालिकेचं नाव 'द डार्क इज रायझिंग', आणि त्याच नावाचा भाग दुसरा आहे. पहिला, १९६५ चा, बराच लहान वयाच्या वळणाचा आहे. थेट दुसऱ्यापासून सुरू केलं तरी काही अडत नाही: हिवाळ्यातली सर्वांत मोठी रात्र, विलचा अकरावा वाढदिवस आणि दाराशी येणारा अंधार.

अर्थसीचे पहिले तीन भाग सलग वाचा आणि थांबा. चौथा, 'टेहानू', तब्बल अठरा वर्षांनी १९९० मध्ये आला. त्यात मध्यमवयीन बाई आणि माणसांनीच जाळलेली एक लहान मुलगी आहे. तो मोठेपणी वाचायचा. प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्डमध्ये चाळीसहून जास्त पुस्तकं आहेत, पण टिफनीची पाच स्वतंत्र वाचता येतात. पुलमन यांची त्रयी मात्र एकच गोष्ट आहे, मध्ये सोडायची नसेल तरच हात घाला. जोन्स यांच्या हाउलच्या पुढच्या दोन पुस्तकांत नायक-नायिका वेगळ्या, ती कधीही वाचा.

सहावी पायरी: पहिली पन्नास पानं

नावं पाठ करू नका. नकाशा एकदा बघा आणि पान उलटा. शब्द अडला तर पुढच्या दोन पानांत तो पुन्हा येईल आणि स्वतःचा अर्थ सांगून जाईल. पन्नास पानांनंतरही पुढे काय होईल याची उत्सुकता नसेल तर पुस्तक बाजूला ठेवा, मुलाला 'पूर्ण कर' म्हणून मागे लागू नका.

सातवी पायरी: मोठ्या मुलांच्या पुस्तकांकडे

बारा-तेराच्या सुमारास मुलं स्वतःच वरच्या फळीकडे हात घालतात. घालू द्या, पण मध्ये एक-दोन पूल असलेले बरे. 'नॉर्दर्न लाइट्स' हा चांगला पूल आहे: प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपानं बाहेर फिरतो, मुलांचे प्राणी सतत रूप बदलतात आणि मोठं झालं की एकाच रूपात थिजतात. वयात येण्याबद्दल इतकं थेट आणि तरी न लाजवणारं चित्र क्वचित सापडतं. जपानी लेखिका नाहोको उएहाशी यांची 'मोरिबिटो: गार्डियन ऑफ द स्पिरिट' हा दुसरा. नायिका बाल्सा तीस वर्षांची, भाला चालवणारी अंगरक्षक. एका लहान राजपुत्राच्या शरीरात जलात्म्याचं अंडं आहे आणि त्याचा बापच त्याला मारायला निघालाय. तीस वर्षांची बाई मुलांच्या पुस्तकाची नायिका असणं हेच केवढं वेगळं! उएहाशी यांना २०१४ चा बालसाहित्याचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. इंग्रजीत या मालिकेचे पहिले दोनच भाग आले आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं.

त्यापुढे ली बार्डुगो यांची 'सिक्स ऑफ क्रोज', २०१५. सहा तरुण गुन्हेगार, अभेद्य तुरुंग आणि एक अशक्य चोरी. याच जगातली आधीची त्रयी न वाचताही चालतं. पण पात्रांच्या वयाकडे बघून फसू नका. टोळ्या, माणसांची विक्री, मारहाण सगळं आहे. टोमी अडेयेमी यांची 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन', २०१८, पश्चिम आफ्रिकेच्या योरुबा परंपरेतून उभी राहते आणि राज्यसत्तेच्या क्रौर्याबद्दल बोलताना हात राखून लिहीत नाही. दोन्ही चौदाच्या पुढे.

एका गोष्टीकडे मोठ्यांनी लक्ष ठेवायला हवं. हल्ली प्रेमकथा आणि फँटसी यांच्या मिश्रणाची पुस्तकं खूप खपतात आणि त्यांची मुखपृष्ठं किशोरांच्या पुस्तकांसारखीच दिसतात. सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' सुरुवातीला किशोरांसाठी म्हणूनच बाजारात आली होती, नंतर ती प्रौढांच्या विभागात हलवली गेली. शृंगार मोकळा आहे. तेराव्या वर्षी हातात दिसली तर ओरडू नका, पण आत काय आहे हे स्वतःला माहीत असू द्या.

उलट प्रकारची काळजी अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या 'द ब्रदर्स लायनहार्ट'बद्दल, १९७३. दिसायला लहान मुलांचं पुस्तक, पण सुरुवातीच्या प्रकरणांतच दोघे भाऊ मरतात आणि साहस मरणानंतरच्या देशात घडतं. शेवटावर आजही वाद होतात. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर आधी मोठ्यांनी वाचावं. काही मुलांना ते फार धीर देतं, काहींना बिलकूल नाही.

आणि मग ते थोरलं पुस्तक

'द हॉबिट' आवडलेलं मूल लगेच 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मागेल. मध्ये अर्थसी येऊ द्या, किंवा लॉइड अलेक्झांडर यांची प्रिडेन मालिका. तिच्यातल्या डुकरं सांभाळणाऱ्या पोराला वीर व्हायची फार घाई आहे. तेराच्या आसपास मग ते पुस्तक काढा. प्रस्तावना सरळ सोडा, तंबाखू तिथेच आहे. बिल्बोच्या एकशे अकराव्या वाढदिवसापासून सुरू करा. नायक फ्रोडो गावाबाहेर पडेपर्यंत गोष्ट रमतगमत चालते, तेवढा धीर धरा. गाणी वाटेत येतील, ती पहिल्या वाचनात ओलांडली तरी चालतात. एल्रॉन्डच्या घरची लांबलचक सभा मात्र ओलांडू नका, पुढचं सगळं तिथे ठरतं. कंटाळा आला तर दोन दिवसांत वाचा. तिसऱ्या खंडाच्या शेवटी परिशिष्टं आहेत, वंशावळी आणि लिप्या. ती बहुतेकांनी चाळली तरी पुरे. त्यातच अ‍ॅरागॉर्न आणि आर्वेन यांची काही पानांची गोष्ट दडलेली आहे, तेवढी वाचल्याशिवाय पुस्तक परत करू नका.